पिवळी खोली आणि शंखजिरं

मी काय काम करते हे लोकांना सांगायचा नाद मी केव्हाच सोडून दिला आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं की "संशोधन" एवढं म्हणते आणि जेवणाच्या रांगेकडे सटकते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की काय?" आणि उत्तर द्यायला लागलं की समोरच्याचे डोळे जड होताना दिसतात. आमच्या येरवड्याच्या शेजारीणबाईंनी मात्र एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकं बारीक की दिसतच नाही? मग तू केलंस की नाही हे साहेबाला कसं कळतं?" त्या दिवशी मी घरी येऊन आईशी भांडले. आईचा काही संबंध नव्हता, पण माझा स्वभाव तसाच आहे.

तरी इथे सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय बाबांच्या कानांची हकिकत कळायची नाही.

आमचं काम म्हणजे अतिशय बारीक वस्तू घडवणं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे ऐकून कोणालाच काही बोध होत नाही, सुरुवातीला मलाही होत नसे. मला ते कळलं नखावरून. आपलं नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात ते वाढलंसुद्धा, आणि तुम्हाला पत्ता नाही. त्या मापात आम्ही खाचा पाडतो, भिंती उभ्या करतो, पडदे ताणतो. तिथे छिन्नी-हातोडी चालत नाही. प्रकाश, वायू आणि रसायनं ही आमची हत्यारं, आणि फारच नाजूक काम असेल तर इलेक्ट्रॉनांचा झोत.

सुरुवात होते सिलिकॉनच्या चकतीपासून. बशीएवढी, आरशासारखी चकचकीत. तिच्यावर प्रकाशाने बदलणाऱ्या एका द्रवाचे थेंब टाकायचे आणि चकती गरगर फिरवायची, म्हणजे द्रवाचा सगळीकडे सारखा पातळ थर बसतो. मग नक्षी असलेल्या काचेतून त्यावर प्रकाश सोडायचा. प्रकाश लागला तिथला थर धुतला की निघून जातो, बाकीचा तसाच राहतो. उघड्या पडलेल्या जागी वायूने खोदायचं, नाहीतर धातूचा पापुद्रा चढवायचा. उरलेलं साफ करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असे थरावर थर. तुमच्या मोबाइलचा मेंदू असाच तयार होतो. मोबाइल आडवा धरला की चित्रही आडवं होतं ना, ते आत कोरलेल्या सिलिकॉनच्या एका इवल्याशा झोपाळ्यामुळे. गाडी आपटली की फुगणाऱ्या पिशवीला इशारा देणारा तुकडाही त्याच पद्धतीचा. आणि हल्लीच्या बऱ्याचशा श्रवणयंत्रांतला मायक्रोफोनही. त्यात सिलिकॉनचा एक पडदा असतो, धुळीच्या कणाहून पातळ. आवाज आला की तो हलतो, त्याच्यामागे एक जाळी असते, दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्या बदलाची वीज होते. कुजबुजीने तो पडदा एका नॅनोमीटरहूनही कमी हलतो. मी गेली काही वर्षं अशाच एका पडद्यावर काम करते आहे, अजून हळू आवाज पकडेल अशा. तो अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या सगळ्याचा एकच वैरी, धूळ. आमच्या मापात धुळीचा कण म्हणजे अंगणात कोसळलेली दरड. म्हणून आमच्या स्वच्छ खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, दोन हातमोजे. पावडर बंद, काजळ बंद, गजरा बंद. साधा कागदसुद्धा आत न्यायचा नाही, कारण कागद झडतो. "नटायला नको म्हणून शोधून शोधून हीच नोकरी धरलीस," असं आई म्हणते. छतातून हवा गाळून खाली सोडणारे पंखे सतत घुमत असतात, त्यामुळे आत एकमेकांचं बोलणं धड कळत नाही, आणि ओठ तर दिसतच नाहीत. मग आम्ही हातांनी बोलतो. पोटावर तळहात म्हणजे जेवायला चल. मूठ फिरवली म्हणजे मशीन बंद कर. तळहात वर करून हलकेच पुढे केला म्हणजे सगळं ठीक आहे, चालू द्या.

या खुणा मी तिथे रुजवल्या. आणि मला त्या बाबांनी शिकवल्या.

बाबा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात छपाईचे पत्रे, म्हणजे प्लेटा, बनवायचे. येरवड्याहून सायकलने जायचे, पुढे स्कूटर आली. गाइडं, कॅलेंडरं, लग्नपत्रिका, सगळं तिथे छापलं जायचं. मशीनच्या धडधडीत कोणाचं कोणाला ऐकू येत नसे, म्हणून छापखान्यात सगळा कारभार खुणांवर. पहिला कागद मशीनमधून बाहेर आला की प्लेटवाल्याने तो उजेडात धरून बघायचा, आणि ठीक असेल तर मशीनवाल्याकडे बघून तळहात वर करायचा. चालू द्या. त्यानंतर हजारो कागद निघायचे. एकदा हात वर केला की जबाबदारी प्लेटवाल्याची. लहानपणी शाळेत जाताना मी फाटकाशी वळून बघायचे, आणि बाबा दारात उभे राहून तसाच तळहात वर करायचे. परीक्षेच्या दिवशी तर मी त्या हाताशिवाय हलायची नाही. आईला हे खुणांचं बोलणं कधी आवडलं नाही. "तोंडं दिलीत ती कशाला?" म्हणायची.

एकदा सुट्टीत बाबा मला कामावर घेऊन गेले होते. प्लेटची खोली पिवळ्या दिव्याची होती. त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर कसलंसं पाणी ओतलं, यंत्रात घालून तो गरगर फिरवला, वर निगेटिव्ह ठेवली, झगझगीत दिवा लावला, मग पत्रा धुतला आणि त्यावर अक्षरं उगवली. शेवटी शंखजिऱ्याची मऊ पांढरी भुकटी चिमटीने घेऊन त्यांनी प्लेटवर हलक्या हाताने फिरवली. "आता हिला काही होत नाही," म्हणाले. मग मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी ती फळीवर ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी मी पहिल्यांदा आमच्या स्वच्छ खोलीत शिरले, तेव्हा तिथेही दिवे पिवळेच होते, कारण निळसर उजेडाने तो द्रव आधीच बिघडतो. तिथेही फिरवायचं यंत्र होतं. मास्कच्या आड मला एकदम रडू आलं. शेजारच्या मुलीला वाटलं मला गुदमरतंय.

बाबांचे कान गेले ते हळूहळू. मशीनमुळे की वयामुळे, डॉक्टर म्हणाले थोडं दोन्ही. घरात आम्ही मोठ्याने बोलायला शिकलो, टीव्ही शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ लागला. खरं दुखणं वेगळंच होतं. निवृत्त झाल्यापासून बाबा दर रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात लहान मुलांना वंदना शिकवायचे. त्रिशरण, पंचशील, एकेक ओळ आधी ते म्हणणार, मागून मुलं. ऐकू येईनासं झालं तसे ते मुलांचं संपायच्या आत पुढची ओळ सुरू करू लागले. मुलं हसली. मुलंच ती, हसणारच. पण त्या रविवारी बाबा घरी आले, सदरा खुंटीला अडकवला आणि पुन्हा काही गेले नाहीत. कोणी बोलवायला आलं की गुडघा दुखतो म्हणायचे. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. विहार सुटला तसे ते पारावरही जाईनासे झाले, मग बाजारातही. घरात खुर्ची आणि खिडकी. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप आटत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

श्रवणयंत्राचं नाव काढलं की ते उठून जायचे. "म्हातारा दिसायला अजून अवकाश आहे," म्हणायचे. मी वाद घातला, समजावलं, अबोला धरला. काही उपयोग नाही. आणि मग एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर बाबा दोन्ही कानांमागे यंत्रं लावून खुर्चीत बसलेले, नवरदेवासारखे ताठ. आईने त्यांना परस्पर सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात नेऊन, कान तपासून, यंत्रं आणली होती. मी आईला विचारलं, "कसं जमवलंस?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय? आंबे खा, झाडं कशाला मोजतेस?"

पहिले काही दिवस घरात सणासारखं वाटलं. बाबा हाकेला ओ देत होते, टीव्हीचा आवाज कमी झाला होता. मला वाटलं, आता येत्या रविवारी सदरा खुंटीवरून निघेल. रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. विचारलं की बाबा माझ्या तोंडाकडे बघून हसायचे आणि "जाऊ की" म्हणायचे. हळूहळू ते पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसू लागले, फक्त आता कानांमागे यंत्रं होती. मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होते. एवढं सगळं करून पुन्हा हट्ट तो हट्टच, असं वाटायचं.

मग मला सर्दी झाली. घरात सगळ्यांना नको म्हणून मी मास्क लावून वावरत होते. बाबांसमोर उभी राहिले आणि विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

"हो," बाबा म्हणाले.

"चहा की कॉफी, बाबा?"

"हो हो. चालेल."

मी वळून त्यांच्या पाठीमागे गेले आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "बाबा, घराला आग लागली आहे, काय करू?" बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. इतके दिवस ते आमचे ओठ वाचत होते. छापखान्यात सगळेच वाचायचे. यंत्रं नुसती कानांवर होती.

मी ओरडले. ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून समोर येऊन मास्क काढला आणि पुन्हा ओरडले. मग त्यांच्या कानामागून एक यंत्र काढून उजेडात धरलं. मायक्रोफोनची भोकं पांढऱ्या भुकटीने गच्च भरली होती. बोट फिरवून बघितलं. मऊ, गुळगुळीत. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"बाबा, हे शंखजिरं आहे?"

"मग? रोज रात्री लावतो," बाबा जरा अभिमानाने म्हणाले. "पुसायचं, हलक्या हाताने शंखजिरं फिरवायचं आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचं. नाजूक वस्तू आहे. घाम लागतो, ओल लागते." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "चुकलं का माझं?"

"केव्हापासून ऐकू येत नाही?"

त्यांनी दुसरं यंत्रही काढून माझ्या हातात दिलं.

"बाबा, मग सांगायचं नाही का? मुकाट्याने घालून बसलात?"

"तुझ्या हातचं आहे ना," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोरीने एवढं खपून केलंय. बिघडलं म्हणून कुठे बोभाटा करायचा? जपून वापरलं तर आपोआप सुरू होईल."

मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. "माझ्या हातचं आहे असं कोणी सांगितलं त्यांना?"

आईने मान वर केली नाही. "मी सांगितलं. तुझ्या वादावादीने घातलं असतं का त्यांनी? लेकीने खास तुमच्यासाठी केलंय म्हटल्यावर लहान मुलासारखे दवाखान्यात बसले. खोटं बोलले, काय करशील?" तिच्या हातांना कणीक होती, म्हणून तिने डोळे दंडाला पुसले. मी तिला काय करणार होते! मागून तिला मिठी मारली. "लांब हो, सर्दी झालीये तुला," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या बाईंनी यंत्रं उघडून साफ केली, मायक्रोफोनवरची झाकणं बदलून दिली आणि आयुष्यात असली पावडर कोणाच्या यंत्रात पाहिली नाही म्हणाल्या. बाहेर रस्त्यावर आल्याबरोबर बाबा थबकले. स्कूटरी, हॉर्न, क्लासमधून सुटलेली पोरं, पलीकडे कोणीतरी कोणाला तरी "चष्मा घालून चालवा की" म्हणून सुनावत होतं. बाबा सगळीकडे बघत उभे होते. "काय हा गोंगाट," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी दुसरीकडे बघितलं.

पण खोटं तसंच ठेवणं मला जमेना. बाबा भेटेल त्याला कान दाखवून "लेकीने बनवलंय" सांगू लागले होते. म्हणून परवानगी काढून मी त्यांना आमच्या संस्थेत घेऊन गेले. स्वच्छ खोलीला बाहेरच्या बाजूने मोठी काच आहे, पाहुण्यांना तिथून दाखवतात. त्यांना काचेशी उभं करून मी आत गेले, पोशाख चढवला आणि पिवळ्या उजेडात त्यांच्यासमोर आले. तशा अवतारात त्यांनी मला ओळखलं कसं, कोण जाणे. मी एक चकती फिरवण्याच्या यंत्रावर ठेवली, थेंब टाकले, झाकण लावलं. चकती फिरायला लागली आणि बाबांनी कपाळ काचेला टेकवलं. ते त्या फिरणाऱ्या चकतीकडे असे बघत होते, जणू कोणी जुना सोबती भेटला होता. प्रकाश देऊन, धुऊन नक्षी उमटली, तशी ती चकती मी चिमट्याने उचलून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती नीट निरखली, तिरकी करायला लावली, पुन्हा सरळ. मग काचेपलीकडे त्यांचा तळहात वर गेला. चालू द्या.

मास्कमध्ये रडायचं नसतं, आतून ओला होतो. पण दुसऱ्यांदाही मला ते जमलं नाही.

बाहेर येऊन कँटीनमध्ये चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. कानातला मायक्रोफोन कुठल्याशा लांबच्या कारखान्यातला आहे, पद्धत हीच, पण हात माझे नाहीत. माझा पडदा अजून कच्चा आहे.

बाबांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे तुझ्या आईने मला फसवलं."

"हो."

"बरं केलं. नाहीतर मी घातलं नसतं." मग म्हणाले, "तुझा पडदा झाला की सांग. हे काढून ते घालीन. पण तोवर याला शंखजिरं नाही लावायचं, एवढंच ना?"

"तेवढंच, बाबा." त्यांनी मान डोलावली.

"आणि रविवारी?" मी विचारलं.

त्यांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली. "ऐकू येतं आता," म्हणाले. "पण भीती गेली नाही. पुन्हा मध्येच सुरू केलं तर? पुन्हा हसली तर?" आपला बाप भितो हे त्याच्या तोंडून ऐकताना काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. "मी येते बरोबर," एवढंच म्हटलं.

रविवारी सदरा खुंटीवरून निघाला. आईने त्याला इस्त्री आधीच करून ठेवली होती, म्हणजे तिला खात्री असणार. विहारात मुलं सतरंजीवर रांगांनी बसली होती. बाबा पुढे जाऊन बसले. मी दाराशीच थांबले. मुलं हळूहळू गप्प झाली, पंखा तेवढा कुरकुरत होता. बाबांनी हात जोडले, पण तोंड उघडेना. त्यांनी मान वर करून मला शोधलं. परीक्षेच्या दिवशी फाटकाशी मी त्यांना शोधायची, अगदी तसं.

मी तळहात वर केला आणि हलकेच पुढे केला.

बाबांनी पहिली ओळ म्हटली. मुलांनी मागून म्हटली. बाबा थांबले, सगळ्यांचं संपेपर्यंत थांबले, आणि मग दुसरी. मग तिसरी. मुलांचा आवाज आता मोकळा झाला होता. ओळ संपली तरी बाबा पुढची म्हणेनात. ते मान तिरकी करून मागच्या कोपऱ्याकडे कान देत होते. तिथे भिंतीला टेकून एक लहानशी मुलगी बसली होती. सगळ्यांचं म्हणून झालं होतं, ती मात्र अजून आपल्यापुरतं, ओठांतल्या ओठांत ओळ पुरी करत होती. मी दाराशी होते, माझे कान शाबूत आहेत, आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

"घाई नाही, बाळा," बाबा तिला म्हणाले. "म्हण सावकाश. मला ऐकू येतंय."